धम्म आणि भाकरी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी आम्हांला धम्म दिला. माणूसपण मिळालं, पण गावाकडं पायाखाली वीतभर जमीन नव्हती. उलट बौद्ध झालो म्हणून केंद्र सरकारच्या सवलती गेल्या. तेव्हा आमचे वाडवडील नुसती वंदना म्हणत बसले नाहीत.

६ डिसेंबर १९६४, महापरिनिर्वाण दिन. त्याच दिवशी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतनाचा कायदा अमलात आणा, धान्याची महागाई रोखा, बौद्धांना सवलती द्या, अशा मागण्या होत्या. म्हणजे मागणं एकट्या बौद्धांपुरतं नव्हतं, साऱ्या गोरगरिबांचं होतं. ३ लाखांवर स्त्री-पुरुषांनी तुरुंग भरले. तरी केंद्राच्या सवलतींचा कायदा व्हायला १९९० साल उजाडलं. जमिनीचा प्रश्न तर पुरता सुटलाच नाही.

आम्ही गिरणीवाले युनियनमध्ये पगाराचं बोलायचो नि विहारात पंचशील घ्यायचो. दोन्ही वेगळं समजलो, ही आमची चूक. बंधू-भगिनींनो, वंदना झाल्यावर विहारात रेशनचं, मजुरीचं, जमिनीचंही बोलणं झालं पाहिजे. तुरुंगात गेलेल्या त्या माणसांचं देणं असंच फिटेल. जय भीम!