कडाक्याच्या थंडीतली हायब्रिड

कडाक्याच्या थंडीत हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज घसरलं की खापर बॅटरीवर फुटतं. गारठ्यात बॅटरीची ताकद घटते, हे खरंच. पण या गाड्यांचा इतिहास पाहिला तर मोठी लढाई उष्णतेसाठी झालेली दिसते. साधं इंजिन बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया घालवतं आणि त्याच उष्णतेवर गाडीचा हीटर चालतो. हायब्रिडचं इंजिन सिग्नलला बंद होतं, लवकर निवतं. मग हीटरसाठी ते पुन्हा सुरू करावं लागतं. म्हणजे जी काटकसर तिचा गुण, तीच हिवाळ्यात अडचण ठरते.

1997 मध्ये जपानात आलेल्या टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या पिढीत, उत्तर अमेरिकेतल्या गाड्यांना चक्क थर्मास बसवला होता. सुमारे 3 लिटर गरम कूलंट त्यात साठे, आणि इंजिन सुरू होण्याआधी छोटा पंप ते सिलिंडर हेडमध्ये ढकले. कुणी म्हणेल, हा खटाटोप कॅलिफोर्नियातल्या धुराच्या नियमांसाठी होता. होता, पण थंड इंजिन जास्त धूर सोडतं, म्हणजे मूळ दुखणं तेच. 2009 च्या तिसऱ्या पिढीत थर्मास गेला आणि सायलेन्सरवाटे जाणारी उष्णता कूलंटला देण्याची सोय आली. मग बर्फाळ मुलखात हायब्रिड घेऊच नये का? हा निष्कर्ष चुकीचा आहे. गारठ्यात साधी गाडीही जास्त पेट्रोल पिते. कॅनडात रात्री इंजिन उबदार ठेवणाऱ्या विजेच्या ब्लॉक हीटरचा प्लग लावण्याची जुनी रीत हायब्रिडलाही तितकीच उपयोगी पडते.