धाग्याची लांबी आणि तराजू

धुळ्या-जळगावच्या जिनांच्या दारात कापूस तोलला जाई, त्याच्या धाग्याची लांबी कोणी मोजीत नसे. खानदेशच्या कापसाचा सारा इतिहास मला या तराजूत दिसतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी माजली, मँचेस्टरला कापूस मिळेना, आणि साहेबाची नजर आमच्या काळ्या जमिनीवर वळली. कलेक्टर ॲशबर्नर यांनी येथे हिंगणघाटचे बी पेरविले. त्याचा धागा लांब. सूत बारीक निघे. पण पुढे शेतकऱ्याने जवळ केले ते पांढऱ्या फुलाचे ‘रोझियम’. धागा आखूड, खरबरीत. रुईचा उतारा मात्र भरपूर! पैसे वजनावर मिळणार, मग लांबीचे कौतुक त्याने कशासाठी करावे? त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. विसाव्या शतकात ‘जरीला’ने लांबी आणि उतारा यांचा मेळ बराचसा जमविला; मुंबईच्या वायदेबाजारातही तो प्रमाण ठरला. १९७० मध्ये सुरतेला ‘संकर-४’ निपजला, २००२ मध्ये बीटी आले. धागा लांबला खरा. पण घरची सरकी राखून पेरण्याची चाल मोडली. माझ्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना बियाणे ठाऊक आहे ते दुकानातल्या पाकिटातले.