रेजेक्स म्हणजे काय? वेब पत्त्यातली भाषा ओळखताना कोकणी का सुटते?

अनेक भाषांत चालणाऱ्या वेबसाइटच्या पत्त्यात नावानंतर बऱ्याचदा दोन तिरक्या रेघांमध्ये दोन रोमन अक्षरं दिसतात. एमआर म्हणजे मराठी, एचआय म्हणजे हिंदी, ईएन म्हणजे इंग्रजी. हे कोड आयएसओ ६३९-१ या आंतरराष्ट्रीय यादीतले आहेत. कोणत्या भाषेतलं पान दाखवायचं, हे वेबसाइट त्यावरून ठरवते. हा तुकडा ओळखण्यासाठी अनेकदा रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजेच रेजेक्स वापरतात.

रेजेक्स म्हणजे काय?

मजकुराचा साचा सांगणारी ही सांकेतिक भाषा आहे. नेमका शब्द न देता तो कसा दिसतो, एवढंच सांगायचं. गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५० च्या दशकात ही कल्पना मांडली. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये तिच्या आधारे मजकूर शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

भाषेचा साचा कसा असतो?

- ^ : इथून सुरुवात
- / : तिरकी रेघ
- चौकटी कंसात ए ते झेड, पुढे महिरपी कंसात २ : कोणतीही दोन छोटी रोमन अक्षरं
- / : पुन्हा तिरकी रेघ

शेवटची रेघ महत्त्वाची. ती विसरली, तर 'लॉगिन'च्या पानातली पहिली दोन अक्षरं, एल आणि ओ, साच्यात बसतात. एलओ हा लाओ भाषेचा कोड आहे!

मग कोकणी कुठे अडकते?

कोकणीला दोन अक्षरी कोडच नाही. तिचा कोड तीन अक्षरी आहे: केओके. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोकणी, मैथिली, संथाली, डोगरी, बोडो आणि मणिपुरी या सहा भाषांची हीच स्थिती आहे. 'दोनच अक्षरं' असा साचा लिहिला, की या भाषांचे पत्ते ओळखलेच जात नाहीत. कोकणी पान तयार असूनही वाचकाला इंग्रजी पान किंवा 'पान सापडलं नाही' असा संदेश दिसू शकतो.

उपाय काय?

'दोन किंवा तीन अक्षरं' असं लिहिता येतं. पण मग 'टीव्ही' नावाचा विभागही भाषा ठरू शकतो, कारण रोमनमध्ये त्यातही दोनच अक्षरं आहेत. त्यापेक्षा वेबसाइटवर असलेल्या भाषांचे कोड उभी रेघ | देऊन एकेक लिहिणं जास्त भरवशाचं. मात्र नवी भाषा सुरू केली, की या यादीत तिचा कोड आठवणीने टाकावा लागतो.