स्वस्त चाकूंची वंशावळ

मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरला त्याची मावसबहीण मेरी बायबलमधली वचनं पाठ केल्याबद्दल एक कोरा करकरीत बार्लो चाकू देते. किंमत साडेबारा सेंट. चाकूने काही कापलं जात नाही, पण तो अस्सल बार्लो आहे एवढ्यावरच पोरगं हरखून जातं. त्यावर ट्वेनची कोपरखळी अशी की, असल्या हत्याराची नक्कल करून ते आणखी बिघडवता येईल ही शंका तरी तिकडच्या पोरांना कुठून आली असेल? स्वस्त चाकूंबद्दल इतकं नेमकं नंतर कुणी लिहिल्याचं मला तरी आठवत नाही.

टॉमची गोष्ट घडते साधारण 1840 च्या दशकात. त्या वेळी अमेरिकेत खिशात बाळगायचा मिटता चाकू म्हटला की तो बहुधा शेफिल्डहून जहाजाने आलेला असे. म्हणजे आज चिनी चाकू पाहून नाक मुरडणाऱ्या अमेरिकन गृहस्थाच्या खापरपणजोबाच्या खिशातही परदेशी चाकूच होता, आणि तोही स्वस्तातला.

माझी उमेदीची सगळी वर्षं पुण्यात हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांसमोर गेली. पोलादाला पाणी चढवणं हाच धंदा. आता लेकीकडे टेनेसीत, नॉक्सव्हिलला येऊन-जाऊन असतो. तिथून तासाभरात सेव्हिअरव्हिल गाठता येतं, आणि तिथे स्मोकी माउंटन नाइफ वर्क्स नावाचं चाकूंचं अवाढव्य दुकान आहे. त्या दुकानाचा स्वतःचा छाप म्हणजे ‘रफ रायडर’. नमुने सगळे जुन्या अमेरिकन घाटाचे: ट्रॅपर, स्टॉकमन, कनू, बार्लोसुद्धा. मुठीला हाड, टोकांना निकेल सिल्व्हर, आणि पात्याच्या मुळाशी बारीक अक्षरात चीन. मी एक ट्रॅपर उचलला तेव्हा जावईबापू म्हणाले, “बाबा, चायनीज आहे हो. आठवड्यात धार जाईल.”

मी काही बोललो नाही. घरी येऊन कानस काढली.

कानस आणि पोलाद यांची भाषा सोपी असते. पाणी चढलेलं नसेल तर कानस लोखंड खाते तशी खाते. जास्त चढलं असेल तर काचेवरून जावी तशी सटकते. या पात्यावर ती किंचित चावत होती, कुरकुरत होती. कडकपणाच्या रॉकवेल मापावर 55-57 च्या घरातलं काम असणार, आणि 440ए या स्टेनलेसकडून तेवढंच मागायचं असतं. या पोलादात कार्बन 0.60 ते 0.75 टक्के, क्रोमियम 16 ते 18. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डचा केस हा अमेरिकन चाकूंमधला मानाचा छाप. त्याच्या स्टेनलेस पात्यात 420एचसी वापरतात आणि त्यात कार्बन कमीच असतो. कागदावर पाहिलं तर केसच्या एका ट्रॅपरच्या पैशात येणाऱ्या चार-पाच चिनी ट्रॅपरचं पोलाद त्याच्यापेक्षा थोडं सरसच आहे. पण चाकू नुसत्या कागदावर होत नाही, तिकडे येतोच.

आधी वंशावळ. शेफिल्डचा चाकू चॉसरच्या चौदाव्या शतकातल्या कथेतल्या गिरणीवाल्याच्याही मोज्यात खोचलेला होता. 1624 मध्ये तिथल्या चाकू-कात्री करणाऱ्यांच्या संघाला संसदेने कायद्याने मान्यता दिली. 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवून एकजीव पोलाद काढायला सुरुवात केली आणि शेफिल्डला तोड उरली नाही. या वंशावळीत मुंबईचाही एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय माझ्याच्याने पुढे जाववत नाही. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी 1794 मध्ये मुंबईहून रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्स यांना हिंदी पोलादाचे, ज्याला तिकडे ‘वूट्झ’ म्हणत त्याचे, नमुने धाडले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर 1795 मध्ये शोधनिबंध लिहिला. त्यासाठी स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या कारागिराने त्या नमुन्यातून एक चाकू घडवला. तलवार नव्हे, कट्यार नव्हे; पिसाची लेखणी तासायचा चाकू, आपल्याकडे बोरूला लागायचा तसा कलमतराश. धार उत्तम लागली. पुढे स्टोडार्ट आपल्या दुकानाच्या जाहिरातीतच सांगू लागला की, युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा मला हे हिंदुस्थानातलं पोलाद पसंत आहे.

पण म्हणून शेफिल्डचं सगळंच सोनं नव्हतं. बिडाची ओतीव पाती घासूनपुसून पोलादाची म्हणून खपवण्याचा उद्योग तिथे इतका बोकाळला की 1819 मध्ये कायदा करावा लागला. हातोडीची खूण फक्त घडीव पोलादाच्या मालावर मारायची, ओतीव मालावर नाही. त्याच गावात तीन वर्षांनी जोसेफ रॉजर्सच्या कारखान्याने 1822 सालासाठी 1822 पात्यांचा एक अचाट चाकू करून दाखवला. एकाच गावात दोन्ही होत होतं. कुणाला काय हवंय आणि तो किती पैसे मोजतोय, एवढाच प्रश्न होता.

मग जर्मनीतल्या वुपर नदीकाठचं सोलिंगेन पुढे आलं. यांत्रिक घणाखाली साच्यात पाती ठोकायचं तंत्र तिथल्या कारखान्यांनी पटकन उचललं. शेफिल्डचे कारागीर हातघडाईचा हेका सोडेनात. शेफिल्डच्या ‘छोट्या मास्तरां’बद्दल, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कारागिरांबद्दल, मला मनापासून आदर आहे. सहाणेच्या धुळीने फुप्फुसं खाल्लेली ती माणसं अकाली जात. पण इथे त्यांचं चुकलं असंच मी म्हणेन. यंत्राने ठोकलेलं पातं वाईट नसतं. पाणी नीट न चढवलेलं पातं वाईट असतं, मग ते कुणीही ठोकलेलं असो.

सोलिंगेनचा सुरुवातीचा माल मात्र खरंच बदनाम होता. 1876 मध्ये फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनाला जर्मन सरकारचे परीक्षक म्हणून गेलेल्या फ्रान्झ रूलो यांनी मायदेशी पत्रं लिहून कळवलं की, आपल्या मालाबद्दल इथे एकच बोललं जातं, स्वस्त आणि वाईट. यंत्रविज्ञानातला एवढा मोठा माणूस स्वतःच्याच देशाबद्दल असं जाहीरपणे लिहितो म्हटल्यावर केवढा गहजब झाला असेल! टॉम सॉयरही त्याच वर्षी छापला गेला, हा निव्वळ योगायोग.

त्यातच काही जर्मन कारखाने आपल्या पात्यांवर शेफिल्डचं नाव ठोकू लागले. शेफिल्डने आरडाओरडा केला आणि 1887 मध्ये ब्रिटिश संसदेने मालावरच्या खोट्या नावांना आळा घालणारा कायदा केला. परदेशी मालाने ब्रिटिश असल्याचा आव आणायचा नाही. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरं त्यातून पसरली. हेतू असा की गिऱ्हाइकाने ती वाचावीत आणि माल खाली ठेवावा. पुढच्या दहा वर्षांत गिऱ्हाईक ती अक्षरं शोधून माल घेऊ लागलं. रूलोंच्या पत्रांनी जर्मन कारखानदारांना जी चपराक बसली होती, ती कामाला आली होती.

अमेरिकेने वेगळाच रस्ता धरला, जकातीचा. 1890 च्या मॅकिन्ली जकातीने परदेशी चाकू महाग केले, 1897 च्या डिंग्ली जकातीने आणखी. शेफिल्डचा अमेरिकेतला चाकूंचा व्यापार यातून पुन्हा सावरला नाही. मॅकिन्लीच्या कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव लिहिणंही सक्तीचं केलं, त्यामुळे पात्यावर ‘जर्मनी’ दिसलं की तो चाकू 1891 नंतरचा, असा अंदाज आजचे संग्राहक बांधतात.

या सगळ्यात मला सर्वांत आवडणारा माणूस म्हणजे अ‍ॅडॉल्फ कास्टोर. जर्मनीतून आलेला हा पोरगा न्यूयॉर्कमध्ये सोलिंगेनच्या चाकूंचा बडा आयातदार झाला. जकातीने धंद्याचा गळा आवळला तेव्हा त्याने रडत बसण्याऐवजी 1902 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॅमिलस गावातला छोटा चाकूकारखाना विकत घेतला आणि कारागीर आणले ते जर्मनीतूनच. माणसं तीच, कसब तेच, पाती घडवायची रीतही तीच. बदलली ती पात्यावरची अक्षरं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या कमरेला कॅमिलसचे चाकू होते, तेव्हा त्यांना कुणी परदेशी म्हटलं नाही.

2004 मध्ये एलनव्हिलचा इम्पीरियल श्रेड हा चाकूकारखाना बंद पडला, 2007 मध्ये कॅमिलस. दोन्ही नावं दुसऱ्यांनी विकत घेतली आणि त्या नावांखालचे चाकू चीनमध्ये होऊ लागले. आयातदार कारखानदार झाला होता. शंभर वर्षांनी त्याच्या कारखान्याचं नाव पुन्हा आयात मालावर जाऊन बसलं. मधल्या काळातल्या जपानबद्दल फार लिहीत नाही. सेकी शहरातले चाकू आधी ‘स्वस्तातले जपानी’ होते, 1985 नंतर येन वधारला तसे ते महाग होत गेले, आणि आज तेच लोक ‘सेकीचा आहे’ असं कौतुकाने सांगतात.

आता माझ्या ट्रॅपरकडे येतो. या जातीच्या चाकूला खटका किंवा कुलूप नसतं. पात्याच्या मुळाशी एक चौकोनी टाच असते आणि पाठीमागची पट्टीची स्प्रिंग त्या टाचेवर दाबून बसते. चाकू उघडा असो वा मिटलेला, स्प्रिंगची पाठ मुठीच्या पाठीशी सपाट यायला हवी. नखाने चाचपलं तर पायरी लागता कामा नये. अर्ध्यावर थांबणारा चाकू असेल तर तिथेही. हे यंत्र करत नाही. फिटर माणूस एकेक टाच कानशीने उतरवत जातो, जोडून बघतो, पुन्हा काढतो. चांगल्या अमेरिकन चाकूचे पैसे तुम्ही या वेळेचे देता, पोलादाचे नव्हे.

माझ्या ट्रॅपरमध्ये उघड्या स्थितीत पायरी नव्हती, मिटल्यावर केसाएवढी होती. स्प्रिंग नको इतकी ताठ. बोटाचं नख दुखावं अशी. हाडाचा रंग सुरेख, खिळ्यांची डोकी नीट बसवलेली. धार मात्र जाड ठेवलेली आणि दोन्ही बाजूंचे कोन वेगळे. शेवटच्या सहाणेवर त्या माणसाला जेमतेम काही सेकंद मिळत असणार. मी तेल-दगडावर दोन्ही बाजूंना सारखा कोन आणला, आणि त्यानंतर तो चाकू आमच्या स्वयंपाकघरात लिंबं, दोऱ्या आणि कुरिअरची खोकी कापत राहिला. जावईबापूंनी सांगितलेला आठवडा उलटला, महिनेही उलटले. धार जाते, पण हळूहळू, सगळ्या पोलादाची जाते तशी.

याचा अर्थ चिनी चाकू चांगले असा काढू नका. ग्वांगदोंग प्रांतातलं यांगच्यांग हे चाकू-कात्र्यांचं मोठं गाव. अशा गावांतून पेट्रोल पंपावरच्या काचेच्या डब्यातला चाकूही येतो, ज्याच्या पात्याला कानस लावली तर चोथा निघावा. आयातदाराने कारखान्याला काय लिहून दिलं, आलेला माल तपासला का, आणि खराब माल परत पाठवला का, यावर सगळं ठरतं. सेव्हिअरव्हिलचं दुकान रोज हजारो चाकू त्याच गिऱ्हाइकांना विकतं. खराब माल त्यांच्याच गल्ल्यावर परत येतो, म्हणून ते तपासत असणार, असं मी धरून चालतो.

जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी शपथविधीच्या भाषणात त्याच जकातवाल्या मॅकिन्लीचं नाव गौरवाने घेतलं. एप्रिलमध्ये चिनी मालावरची नवी जकात 145 टक्क्यांवर गेली, मेमध्ये ती 30 वर उतरवली. अशा वेळी कास्टोरसारखा कुणी आयातदार पुन्हा कारखाना घेईल का, असं जावईबापूंनी विचारलं. कारखाना घेता येईल, कदाचित यंत्रंही. पण कास्टोरला टाच उतरवणारी माणसं सोलिंगेनहून बोटीत बसवून आणता आली. आज तशी माणसं मोठ्या संख्येने असतील तर ती यांगच्यांगमध्ये, आणि त्यांना व्हिसा कोण देणार?