दिनविशेष : १५ एप्रिल – ‘शकुंतला’चे वाफेचे इंजिन निवृत्त (१९९४)

मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या ‘शकुंतला’ नॅरोगेज गाडीचे, १९२१ मध्ये मँचेस्टरला घडलेले ‘झेडडी’ इंजिन १९९४ साली आजच्याच दिवशी निवृत्त झाले. १९२३ पासून, म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ त्याने ही गाडी ओढली. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणून मुंबईला धाडता यावा, म्हणून किलिक-निक्सन कंपनीने हे फाटे उभारले. पुढे कापूस ट्रकने जाऊ लागला, तरी गरिबांची गाडी म्हणून ‘शकुंतला’ तग धरून राहिली. वाटेतल्या स्थानकांवर गार्डच उतरून तिकिटे द्यायचा. आता ही गाडीही बंद आहे. ती पुन्हा धावावी, म्हणून हा नॅरोगेज मार्ग ब्रॉडगेज करण्याचे काम सरकारने आणखी लांबवू नये.