जोहार आणि उंचावलेले बोट : पैठणच्या भारुडातील देहबोली

गेल्या काही वर्षांत महाविद्यालयांतून 'प्रभावी सादरीकरण' या विषयावरील कार्यशाळांचे पीक आले आहे. प्रशिक्षक येतात, पडद्यावर चित्रे दाखवतात आणि विद्यार्थ्यांना बजावतात : ताठ उभे राहा, हात खिशात घालू नका, श्रोत्यांच्या नजरेला नजर द्या. पाठोपाठ एक आकडाही येतो. संवादात ५५ टक्के वाटा देहबोलीचा, ३८ टक्के स्वराचा आणि शब्दांचा अवघा ७ टक्के. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधील प्रयोगांवरून घेतलेला आहे. ते प्रयोग सुटे शब्द, ध्वनिमुद्रित स्वर आणि चेहऱ्यांची छायाचित्रे यांच्यापुरते होते. बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी आवड आहे की नावड, हे ऐकणारा कशावरून ओळखतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तासाभराच्या व्याख्यानाला तो आकडा लावण्याचे कारण नाही, हे पुढे खुद्द मेहराबियन यांनीही स्पष्ट केले आहे. भाषेच्या अध्यापकांना शब्दांच्या वाट्याचे हे ७ टक्के झोंबावेत, हे स्वाभाविकच. परंतु आमची खरी तक्रार निराळी आहे. या कार्यशाळांत देहबोली ही जणू काल-परवा शोध लागलेली, कोणाचाही भूतकाळ नसलेली विद्या म्हणून शिकवली जाते, आणि तीही पैठणपासून पन्नासएक किलोमीटरवर बसून.

आपल्याकडे बोलणाऱ्याच्या देहाविषयीचा पहिला नियम फार जुना आणि फार साधा आहे. प्रवचन बसून करायचे, कीर्तन उभ्याने. प्रवचनकारापुढे ग्रंथ असतो, आसन असते आणि त्या दोहोंचा अधिकार त्याच्या पाठीशी असतो. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी असतात, बाजूला मृदंग असतो, आणि तो पायांवर उभा असल्यामुळे पुढे सरकू शकतो, मागे हटू शकतो, नाचूही शकतो. नामदेवांनी कीर्तनात नाचण्याचा आग्रह धरला, तेव्हा सांगणाऱ्याचा सारा देहच त्यांनी सांगण्यात ओढून आणला, असे म्हणता येईल.

सोळाव्या शतकात पैठणला एकनाथांनी हा देह आणखी एका वेगळ्या कामाला लावला. त्याकडे वळण्यापूर्वी परंपरेने सांगितली जाणारी हरिपंडितांची कथा आठवावी. हरिपंडित हे नाथांचे पुत्र, संस्कृतचे अभिमानी. वडील प्राकृतात पुराण सांगतात हे न रुचून ते काशीला निघून गेले आणि वडिलांनी प्राकृत सोडावे या अटीवर परतले. मग नाथांच्याच वाड्यात हरिपंडित संस्कृतातून सांगू लागले आणि श्रोते हळूहळू गळू लागले. ही कथा भाषेच्या वादाची म्हणून शिकवली जाते आणि ती तशी आहेच. आम्हांला तिच्यात श्रोत्यांची देहबोलीही दिसते. ते वाद घालत नाहीत, निषेध करत नाहीत. नुसते उठून जातात. वर्गात तास घेणाऱ्या कोणालाही या उत्तराचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

नाथांच्या नावावरील भारुडे सुमारे ३०० आहेत. 'बहुरूढ' या शब्दापासून 'भारूड' आले, असे काही अभ्यासक मानतात; काही जण दोन तोंडांच्या भारुंड पक्ष्याकडे बोट दाखवतात. दुसरी व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिको न टिको, भारुडाच्या स्वभावाला ती शोभते, कारण येथे एकाच देहातून दोघे बोलतात. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, जोगवा मागणारी, नवऱ्याला विटलेली बायको, आंधळा, मुका अशी माणसे नाथांनी रस्त्यावरून उचलली आणि त्यांच्या मुखी अध्यात्म घातले. यांतला प्रत्येक जण आधी चालीवरून, उभे राहण्यावरून, हातातल्या वस्तूवरून ओळखू येतो, बोलतो नंतर. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. भारूडकाराचे आहार्य म्हणजे बहुधा खांद्यावरचे उपरणे. ते डोक्यावरून घेतले की बाई झाली, कमरेला बांधले की चाकर झाला.

'विंचू' हे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. शाहीर साबळे यांच्या आवाजात ते घराघरांत पोचले; पण केवळ ऐकून त्याची निम्मी गंमत हुकते. भारूडकार कळवळतो, एका पायावर उड्या मारतो, अंग पिळवटतो, टाळ-मृदंग चढत जातात आणि समोरची मंडळी पोट धरून हसतात. मग कधीतरी उलगडते की हा विंचू काम-क्रोधाचा आहे आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा. चांगला भारूडकार या ठिकाणी देह शांत करतो. तडफड थांबते, लय उतरते, हात खाली येतात. पाठ्यपुस्तकात रूपकाचा उलगडा तळटीपेत असतो. फडावर तो या थांबण्यात असतो. श्रोत्याला क्षणापूर्वीचे आपले हसू आठवते आणि आपण कशाला हसलो हे कळते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील निरंजन भाकरे (निधन २०२१) यांचा 'बुरगुंडा' ज्यांनी समोर बसून पाहिला असेल, त्यांना आम्ही काय म्हणतो ते अधिक सांगावे लागणार नाही.

येथवर सारे आनंदाचे आहे. अडचण सुरू होते ती 'जोहार'पाशी.

जोहार हा महाराने वरच्या जातीच्या माणसाला करावयाचा मुजरा. नाथांच्या भारुडांत या जोहारांचा एक मोठा गट आहे. त्यांत गावचा महार गावकामगाराच्या नात्याने मायबाप धन्यासमोर उभा राहून काया नावाच्या गावाचा कारभार सांगतो. गावात कोण माजले आहे, कोण चोर आहे, जीवाजी पाटलाचे लक्ष कोठे आहे, हे सारे तो जमा-खर्चाच्या आणि वेशीवरच्या पहाऱ्याच्या भाषेत ऐकवतो. देह वाकलेला आणि बोलणे मात्र खडे. एलिनॉर झेलियट यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात संतांना दोन संस्कृतींमधला दुवा म्हटले ते नाथांच्या भारुडांचाच विचार करताना. एका ब्राह्मणाने भर समुदायात महाराचा मुजरा आपल्या देहावर घ्यावा, त्याला ज्ञानी करावे आणि पाटलाला चार गोष्टी सुनवाव्यात, हे त्या शतकात लहानसहान नव्हते. गोदेच्या तापल्या वाळूत पोळणारे अस्पृश्याचे पोर उचलून घेणारे नाथ आणि हे भारूड यांचे नाते त्यामुळेच जुळते.

तरीही एक प्रश्न उरतोच. जोहाराची रचना चोखोबांच्या नावावरही आहे. चोखोबांचा देह आणि नाथांचा देह एकाच अंशात वाकला, तरी ती देहबोली एक होत नाही. नाथ भारूड संपताच सरळ उभे राहू शकत होते. मंदिराच्या पायरीबाहेर राहिलेल्या चोखोबांना ती मुभा नव्हती. भारुडाचे कौतुक करणाऱ्या मराठी समीक्षेने, आमच्यासह, हा फरक पुरेसा मांडलेला नाही.

कीर्तनाच्या उभ्या देहाचे पुढे काय झाले, तेही थोडक्यात पाहू. एकोणिसाव्या शतकात व्याख्यान आले. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि ती परंपरा गावोगाव पसरली. अध्यक्ष, हार, पाण्याचा पेला, मेज. मेजामागे गेलेल्या वक्त्याचा अर्धा देह दिसेनासा झाला. उरलेल्या अर्ध्याला पुढे ध्वनिक्षेपकाने एका जागी खिळवले. याच्या नेमके उलट गाडगेबाबा. रात्री कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी त्यांचा खराटा दिवसभर गाव झाडत असे. त्यामुळे पहिला शब्द उच्चारण्याआधीच निम्मे कीर्तन झालेले असे. मग प्रश्न विचारायचा आणि लोकांकडून उत्तर येईपर्यंत पुढे जायचे नाही. १९५६ मध्ये वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. त्यात तो आवाज आहे, लोकांचा हुंकार आहे. खराटा मात्र ध्वनिफितीवर उतरत नाही.

आणि १९५६ हेच वर्ष आणखी एका देहाचेही आहे. महाडला १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीन मानलेली कामे टाकून देण्याचे आवाहन केले. त्यांच्या चळवळीत जोहार मागे पडला आणि 'जय भीम' आला. त्या एका बदलाने लक्षावधी पाठीचे कणे सरळ झाले. १९६७ मध्ये संसद भवनाच्या आवारात उभारलेल्या पुतळ्यात आणि मराठवाड्यातल्या गावोगावच्या पुतळ्यांत बाबासाहेब ताठ उभे असतात, उजवे बोट उंचावलेले. मराठी माणसाने सर्वाधिक वेळा पाहिलेली वक्त्याची मुद्रा कोणती, असे विचारले तर आम्ही हीच सांगू. ज्या बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ते देहबोलीचे केवढे शिक्षण देऊन गेले, याची नोंद कोणत्याही कार्यशाळेच्या टिपणात आढळत नाही. तेथे 'ताठ उभे राहा' एवढेच लिहिलेले असते, आत्मविश्वास दिसावा म्हणून.

तीन वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात आम्ही भारुडे वाचण्याऐवजी सादर करायला सांगितली. 'विंचू'साठी झुंबड उडाली. 'दादला' एका विद्यार्थिनीने असे केले की शेजारच्या वर्गातली मुले दाराशी जमली. जोहार एका विद्यार्थ्याच्या वाट्याला आले होते. त्याने ते निवडले नव्हते. क्रमाने आले होते, आणि वाटणी करताना आम्हांला त्यात काही वावगे वाटले नव्हते. तो पुढे आला. भारूड त्याला मुखोद्गत होते. पहिल्या शब्दापाशी त्याने वाकावे म्हणून मागून कोणीतरी खुणावले. तो वाकला नाही. हात दोन्ही बाजूंना सरळ, नजर समोर, अशा अवस्थेत त्याने अखेरपर्यंत कायागावाचा कारभार ऐकवला. शब्द नाथांचे होते. पाटलाला दिलेला इशारा त्या दिवशी आम्हांला प्रथमच इशाऱ्यासारखा ऐकू आला.

त्यानंतर आम्ही वाटणी क्रमाने करीत नाही. भारूड कोणते घेणार, हे विद्यार्थी ठरवतात आणि सादर करण्यापूर्वी आपण कसे उभे राहणार व का, हे अर्ध्या पानात लिहून देतात. ती अर्धी पाने आम्ही जपून ठेवली आहेत.