एकलहऱ्याची राख आणि नाशिकची घरबांधणी

नाशिकचे जुने वाडे काळा दगड, लाकूड, भाजक्या विटा आणि घाण्यात मळलेला चुना यांवर उभे राहिले. या चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळण्याची प्रथा होती, कारण भाजलेल्या मातीतील सिलिका पाण्याच्या सान्निध्यात चुन्याशी संयोग पावून टिकाऊ बंधद्रव्य निर्माण करते. रोमन स्थापत्यकारांनी नेपल्सजवळच्या ज्वालामुखीय राखेचा उपयोग याच गुणासाठी केला होता.

हाच गुण असलेले द्रव्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाशिकजवळ मोठ्या प्रमाणावर, पण टाकाऊ म्हणून, साचू लागले. एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रात दळलेला कोळसा जळताना धुराबरोबर उडणारी बारीक राख, म्हणजेच फ्लाय ॲश, पाण्यात कालवून तलावांत सोडली जाई. ही राख, दगडाची कच आणि चुना-जिप्सम किंवा सिमेंट यांचे मिश्रण यंत्राने दाबून व पाणी मारून पक्के केले की भट्टीशिवाय वीट तयार होते. तिच्यामुळे सुपीक माती आणि भट्टीचे इंधन दोन्ही वाचतात, आणि स्वस्त घरांच्या दृष्टीने हा लाभ फार मोलाचा आहे. तरीही बाजाराने ती आपणहून स्वीकारली नाही. केंद्र शासनाच्या 1999 च्या अधिसूचनेने वीज केंद्रापासून 50 किलोमीटरच्या परिघात राखेचा वापर बंधनकारक केला, 2003 मध्ये ही मर्यादा 100 आणि 2016 मध्ये 300 किलोमीटरपर्यंत वाढली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने राखेच्या वापराचे स्वतंत्र धोरण स्वीकारले.